आवाजी मतदान

"सर, बाबा म्हणतायत, तुमची तब्येत छान झाली आहे."

बिरनाळे सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते हसायला लागले. इतके हसले की आमची प्लॅस्टिकची खुर्ची करकरायला लागली.

"अगं उर्मिला, तुझ्या बाबांना मीच शिकवलंय. मला येतात की खुणा! 'पोट किती सुटलंय' म्हणाले ते."

बाबांनी समाधानानं मान हलवली आणि पोटाची खूण पुन्हा एकदा, चांगली ऐसपैस करून दाखवली. आई तोंडाला पदर लावून हसत होती. मला मात्र धरणी दुभंगली तर बरं, असं झालं.

माझे आईबाबा दोघंही जन्मापासून बहिरे. आम्ही इचलकरंजीत राहायचो. बाबा यंत्रमागाच्या शेडमध्ये कामाला होते. तिथल्या खडखडाटात कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नाही, सगळेच हातवारे करतात. त्यामुळे शेडमध्ये बाबांची अडचण अशी कधी झालीच नाही. अडचण शेडच्या बाहेर व्हायची, आणि तिथं मी असायचे. दुकानदार, घरमालक, दवाखाना, माझ्या शाळेतल्या बाई, सगळ्यांशी आईबाबांचं बोलणं माझ्या तोंडून व्हायचं. मी पाच वर्षांची असल्यापासून.

आणि माझे आईबाबा होते फटकळ. आई घरमालकिणीला खुणेनं सांगायची, "नळ महिनाभर गळतोय, डोळे फुटले का?" मी म्हणायचे, "काकू, आई म्हणतेय, वेळ मिळेल तेव्हा नळ बघाल का?" घरमालकीण हसायची, नळ कधीतरी दुरुस्त व्हायचा, भांडण टळायचं. आईला वाटायचं, आपल्या बोलण्याचा धाक आहे.

सर त्या दिवशी आले होते ते एका कामासाठी. कोल्हापुरात शाळांची युवा संसद भरणार होती. एक शाळा सरकार होणार, एक शाळा विरोधी पक्ष. सरांनी आपल्या, म्हणजे आमच्या गावच्या मूकबधिर विद्यालयाचं नाव नोंदवलं होतं आणि चिठ्ठीत त्यांच्या वाट्याला विरोधी पक्ष आला होता.

"आमची यास्मिन मुजावर विरोधी पक्षनेता आहे. ती खुणेनं बोलणार, तू ते माईकवर बोलायचं. सभागृहात शिक्षकाला बोलता येत नाही, विद्यार्थीच पाहिजे. तू अकरावीत आहेस, नियमात बसतेस."

"सर, मला नाही जमणार. मी कधी स्टेजवर गेलेली नाही."

"तू कुठं बोलणार आहेस? बोलणार ती. तू फक्त तोंड हलवायचं."

बाबा आमच्या दोघांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी विचारलं, काय चाललंय. सरांनी सगळं खुणेनं सांगितलं. मी काही म्हणायच्या आत बाबांनी हो म्हणून टाकलं. माझ्या वतीनं बोलायची त्यांना ती पहिलीच संधी होती.

*

यास्मिन माझ्यापेक्षा वर्षानं मोठी, उंच, काटक. दोन वेण्या आणि कपाळाला कायम आठी. तिच्या शाळेत पहिल्यांदा भेटलो तेव्हा तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सरांना विचारलं, "हिचा आवाज मोठा आहे का?"

"लहान आहे," सर म्हणाले.

"मग हिला का आणलं?"

"खुणा हिच्याइतक्या कुणाला कळत नाहीत."

ती माझ्याकडे वळली. तिचे हात भराभर चालायचे, आमच्या आईपेक्षाही भराभर. "मी काय बोलते ते जसंच्या तसं सांगायचं. माझ्या ताकात पाणी घालायचं नाही. समजलं?"

मी मान हलवली.

विषय कळला तेव्हा सगळ्यांचीच पंचाईत झाली. सरकार 'ध्वनिप्रदूषण नियंत्रण विधेयक' मांडणार होतं. मिरवणुकीत, लग्नात डॉल्बी लावायला पूर्ण बंदी. आणि विरोधी बाकांवर सगळी बहिरी मुलं. आयोजकांचा सरांना फोन आला, आमच्या लक्षातच आलं नाही, माफ करा, विषय बदलून देतो. सरांनी वर्गात येऊन सांगितलं, तेव्हा यास्मिन बाकावरून उडी मारूनच उठली.

"बदलायचा नाही! आवाजाबद्दल आम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं कुणाला माहीत नाही."

मग आठवडाभर आम्ही रोज संध्याकाळी बसलो. त्या शाळेत सतत काहीतरी गंमत चालू असायची. सभात्यागाची तालीम करताना एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात गेली आणि विरोधी पक्ष आपसातच भांडला. बाकं वाजवण्याची तालीम तर त्यांना फारच आवडली. लाकडावर हात आपटला की त्यांना ती थरथर कोपरापर्यंत जाणवायची. तो आवाज मला एकटीलाच ऐकू येत होता आणि मी कान झाकून बसले होते.

*

कार्यक्रम कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या सभागृहात होता. समोरासमोर बाकं मांडलेली, मध्ये उंच खुर्चीवर अध्यक्ष. अभिनंदन चौगुले नावाचा कॉलेजचा मुलगा अध्यक्ष होता आणि लाकडी हातोडा त्यानं अगदी नव्या खेळण्यासारखा हातात धरला होता. पहिल्या रांगेत परीक्षक होत्या निवृत्त न्यायाधीश इनामदार बाई. पांढरे केस, जाड चष्मा. शेवटच्या रांगेत माझे आईबाबा. बाबांनी त्या दिवशी सुट्टी टाकली होती आणि लग्नातला सदरा घातला होता.

पंतप्रधान होता ऋतुराज घोरपडे. कोल्हापुरातल्या नावाजलेल्या शाळेचा, गोरा, बोलायला एकदम सफाईदार. बिरनाळे सर सरकारी भाषणं आमच्या मुलांना खुणेनं सांगत समोर उभे होते. ऋतुराजनं विधेयक छानच मांडलं. आजारी म्हातारी माणसं, परीक्षेला बसलेली मुलं, सगळं आलं त्यात. शेवटी तो आमच्याकडे वळला.

"अध्यक्ष महोदय, हा विषय आमच्या समोरच्या विशेष मित्रांना किती कठीण आहे याची सरकारला जाणीव आहे. तरीही ते आज इथं आले, यासाठी आपण सर्वांनी त्यांचं कौतुक केलं पाहिजे."

सभागृहानं जोरात टाळ्या वाजवल्या. सरांनी ते खुणेनं सांगितलं. यास्मिनच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली.

अध्यक्षांनी नाव पुकारलं. ती उठली, मी तिच्या शेजारी माईकपाशी उभी राहिले. 

यास्मिनचे हात चालायला लागले. "पंतप्रधानांनी आमचं कौतुक केलं. आम्ही अजून एक शब्द बोललेलो नाही. कौतुक घरी घेऊन जा. इथं उत्तरं द्या."

शेवटच्या रांगेत बाबा खो खो हसले. त्यांना माझी गरजच नव्हती. ते थेट यास्मिनचे हात वाचत होते. सगळ्या सभागृहानं मागं वळून बघितलं, हा माणूस कशाला हसतोय म्हणून.

आणि मी माईकमध्ये म्हणाले, "पंतप्रधानांनी आमचं कौतुक केलं, त्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आम्हाला काही प्रश्नांची उत्तरंही हवी आहेत."

कसं आलं तोंडातून, मलाच कळलं नाही. सवयीनं आलं. समोर बिरनाळे सरांनी कपाळावर हात मारून घेतला. ऋतुराज गोड हसला आणि त्यानं आमच्याकडे बघून हात जोडले.

यास्मिनचे हात हवेतच थांबले. ती ऋतुराजकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली.

"तो नमस्कार का करतोय?"

"असाच."

"माझं बोलणं ऐकून कुणी नमस्कार करत नाही. काय सांगितलंस त्याला?"

"तेच."

"खोटं."

 आमचे हात सगळ्यांना दिसत होते, पण आम्ही काय बोलतोय ते कळत होतं फक्त आमच्या बाकांना, सरांना आणि माझ्या आईबाबांना. आमच्या बाकांवरची मुलं माझ्याकडे टक लावून बघत होती. मागं आई उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं. बहुतेक तिला नळ आठवला असावा.

अध्यक्षांनी हातोडा आपटला. "विरोधी पक्षनेत्या काय म्हणत आहेत? सभागृहाला कळलं पाहिजे."

यास्मिन दोन पावलं मागं सरकली. हाताची घडी घालून उभी राहिली. तू सांग, असा तिचा अर्थ होता.

मी अध्यक्षांकडे वळले.

"अध्यक्ष महोदय," मी म्हणाले, "माझी चूक झाली. विरोधी पक्षनेत्या आभारी आहोत असं म्हणाल्याच नाहीत. त्या म्हणाल्या..." मी माईक जवळ ओढला. "त्या म्हणाल्या, आम्ही अजून एक शब्द बोललेलो नाही. कौतुक घरी घेऊन जा. इथं उत्तरं द्या!"

आधी विद्यार्थ्यांच्या रांगांमधून एक शिट्टी आली, मग हशा, आणि मग सत्ताधारी बाकं एकदम उठली. "शब्द मागं घ्या! माफी मागा!" त्यांनीही आठवडाभर गदारोळाची तालीम केली असणार, कारण फार सुरात ओरडत होते. अध्यक्ष हातोडा आपटत होता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

यास्मिननं मला कोपरानं ढोसलं. "तोंडं उघडी का आहेत सगळ्यांची?"

"माफी मागा म्हणून ओरडतायत."

तिचा चेहरा खुलला. एवढी खूश मी तिला आठवडाभरात बघितली नव्हती. तिनं दोन्ही हात उंच करून सावकाश, एकेक खूण नीट दाखवत सांगितलं. शेवटच्या रांगेतून पुन्हा आधी बाबांचं हसू आलं. मग मी माईक तोंडाला लावला आणि जन्मात कधी ओरडले नव्हते एवढ्या जोरात ओरडले.

"अध्यक्ष महोदय, त्यांना आणखी जोरात ओरडू द्या! आमच्या बाजूला कुणाला काहीच ऐकू येत नाही!"

सभागृहात हशा फुटला. इनामदार बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. सत्ताधारी पक्षाला ओरडणं चालू ठेवावं की बसावं तेच कळेना. शेवटी ऋतुराज स्वतःच हसायला लागला आणि खाली बसला, तशी त्याची सगळी माणसं बसली. आमच्या बाकांनी जी काही बाकं वाजवली, त्यांचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला असेल.

त्यानंतर मला माईकची भीती वाटली नाही. वाटायला वेळच नव्हता. यास्मिनच्या हातांमागं माझं तोंड पळत होतं.

"तुम्ही डॉल्बी बंद करताय," ती म्हणाली, मी म्हणाले. "आम्हाला सगळ्या जगात एकच संगीत कळतं, ते डॉल्बीचं. ते कानातून येत नाही, छातीतून येतं. वर्षातून एकदा आम्हीही तुमच्याच ठेक्यावर नाचतो. तरी बंद करा. म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो, हे आम्हाला पटतं. पण एक सांगा. तुमच्या विधेयकात मिरवणुकीचा आवाज आहे, मागाचा आवाज कुठं आहे?"

ऋतुराजनं समोरचे कागद चाळले.

"माझे आजोबा ऐकू येणारे जन्मले आणि बहिरे होऊन वारले. मध्ये तीस वर्षं माग होता. मी जन्मतःच बहिरी. माझा तेवढा वेळ वाचला."

लोक हसले आणि हसता हसता गप्प झाले. मी ते वाक्य मऊ, गोड करून सांगितलं नाही. ती जशी कोरड्या चेहऱ्यानं म्हणाली तसंच मी म्हणाले.

"मिरवणूक तुमच्या खिडकीखालून जाते म्हणून तिचा आवाज तुम्हाला ऐकू येतो. मागाची शेड तुमच्या गल्लीत नाही. तिथल्या माणसांचे कान कोण तपासणार? कानात घालायचे बोळे त्यांना कोण देणार? हे आधी लिहा, मग आमचं मत मागा."

ऋतुराज उत्तराला उभा राहिला. त्याच्याजवळ तयार भाषण होतं, मला दिसत होतं. त्यानं ते बाकावर पालथं ठेवलं.

"अध्यक्ष महोदय," तो म्हणाला, "मागाच्या शेडमध्ये मी कधी गेलो नाही. विरोधी पक्षनेत्या सांगतात ते आमच्या विधेयकात असायला हवं होतं. सरकार ही दुरुस्ती स्वीकारतं." मग जरा थांबून म्हणाला, "आणि कौतुक मी घरी घेऊन जातो."

आता फक्त मतदान उरलं होतं. अध्यक्ष ऐटीत सरसावून बसला. "दुरुस्तीसह विधेयक मतास टाकण्यात येत आहे. आवाजी मतदान होईल. बाजूने असणाऱ्यांनी 'होय' म्हणावं."

सरकारी बाकांवरून मोठ्यानं 'होय' आलं. आमच्या बाजूला शुकशुकाट. सरांनी गडबडीनं खुणा केल्या. यास्मिन ताडकन उठली.

"हरकतीचा मुद्दा!" मी म्हणाले. "अध्यक्ष महोदय, आवाजी मतदान ठेवलं तर आमचा पक्ष जन्मभर हरणार!"

अध्यक्ष कानापर्यंत लाल झाला. त्यानं इनामदार बाईंकडे बघितलं. बाई हसत हसत मान डोलवत होत्या. मग त्यानं हातोडा बाजूला ठेवला आणि स्वतःच हात वर करून दाखवला, असा. सत्ताधारी बाकांनी हात वर केले. आमच्या बाकांनी केले. मत द्यायचा अधिकार नसलेल्या प्रेक्षकांनीही केले. शेवटच्या रांगेत माझ्या आईनं तर दोन्ही केले.

*

उत्कृष्ट वक्त्याचं बक्षीस यास्मिनला मिळालं. इनामदार बाईंनी नाव पुकारलं तेव्हा सर आधी मटकन खाली बसले आणि मग उठून नाचले. यास्मिन ढाल घ्यायला गेली आणि जाताना माझा हात धरून मलाही ओढून घेऊन गेली.

"दोन शब्द बोल," बाई म्हणाल्या.

यास्मिननं ढाल माझ्या काखेत कोंबली, हात मोकळे केले आणि सुरुवात केली. मी ढाल सांभाळत माईकमध्ये बोलायला लागले.

"आता मी उर्मिलाबद्दल बोलणार आहे. आणि ते तिनं स्वतःच सांगायचं आहे. बघू कसं सांगते."

लोकांमध्ये खसखस पिकली. मी यास्मिनकडे रागानं बघितलं. तिनं चाल पुढं, अशी भुवई उडवली.

"ही मुलगी घाबरट आहे," मी म्हणाले. मला म्हणावंच लागलं. "पहिल्या दिवशी मी सरांना म्हटलं होतं, दुसरी बघा. पण आज हिनं भर सभागृहात उभं राहून स्वतःची चूक कबूल केली. एवढं धाडस मी कुणाचं बघितलेलं नाही."

मला तिथंच थांबायचं होतं. पण तिचे हात थांबत नव्हते, म्हणून मलाही थांबता येत नव्हतं.

"हिचा आवाज मी ऐकलेला नाही. कधी ऐकणारही नाही. पण मी बोलत होते तेव्हा समोरच्यांचे चेहरे बघत होते. त्यावरून सांगते, आवाज चांगला असणार. आज दिवसभर तो मी वापरला. आता हिचा हिला परत करते."

एवढं झाल्यावर ती बाजूला सरली. टाळ्या वाजल्या. आमच्या मुलांनी हात उंच धरून पंजे हलवले, त्यांच्या टाळ्या तशाच असतात. बाबा पंजेही हलवत होते आणि मध्येच टाळ्याही वाजवत होते.

टाळ्या थांबल्यावर मी माईकपासून मागं सरायला लागले. इनामदार बाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "थांब. आवाज परत मिळालाय ना? मग तूही दोन शब्द बोल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बोलायला काही हवं, म्हणून मी सवयीनं यास्मिनच्या हातांकडे बघितलं.

तिनं दोन्ही हात पाठीमागं बांधून ठेवले होते.

मी शेवटच्या रांगेत आईबाबांकडे बघितलं. तिथंही चारही हात मांडीवर स्वस्थ होते. दोघंही माझी वाट बघत होते.

मी ढाल खाली ठेवली, कारण मलाही हात मोकळे लागणार होते. मग माईकमध्ये आणि खुणेनं, दोन्ही एकदमच, बोलायला लागले.

"माझं नाव उर्मिला म्हेत्रे," मी म्हणाले. "आणि मला खूप बोलायचं आहे."